विस्कटलेली वाक्ये आणि क्रमाचे प्रमाण : पुण्यातील एका अभ्यासप्रकाराचा पूर्वेतिहास

१

पुण्याच्या सदाशिव आणि नारायण पेठांतील अभ्यासिकांत स्पर्धापरीक्षांची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांच्या हाती जी सरावाची पुस्तके असतात, त्यांच्या इंग्रजी विभागात एक प्रश्नप्रकार हटकून आढळतो. एका परिच्छेदातील चार-सहा वाक्ये मुद्दाम विस्कटून दिलेली असतात आणि विद्यार्थ्याने ती 'तर्कसंगत क्रमाने' लावायची असतात. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीसाठी केंद्रीय लोकसेवा आयोग जी प्रवेशपरीक्षा घेतो तिच्यात, बँकांच्या व कर्मचारी निवड आयोगाच्या परीक्षांत, तसेच व्यवस्थापनशास्त्राच्या प्रवेशपरीक्षांत हा प्रकार या ना त्या रूपाने येत राहिला आहे. शिकवणीवर्गांत त्याला 'पॅरा जंबल' असे सुटसुटीत नाव आहे. तो सोडवण्याच्या युक्त्या तेथे पाठ करून घेतल्या जातात. साहित्यसमीक्षेने त्याची दखल घ्यावी असे त्याच्यात काही असेल, ही शंका मात्र सहसा कोणाला येत नाही.

प्रस्तुत निबंधाचे म्हणणे असे, की हा प्रश्नप्रकार दिसतो तितका निरुपद्रवी नाही, कारण त्याच्या पोटात संहितेविषयीची एक संपूर्ण उपपत्ती दडलेली आहे. या उपपत्तीची तीन गृहीतके सांगता येतील. एक, प्रत्येक परिच्छेदाला एक मूळ क्रम असतो. दोन, तो क्रम एकमेव असतो. तीन, तो वाक्यांच्या आतच वसत असल्यामुळे वक्ता, प्रसंग वा हेतू ठाऊक नसतानाही केवळ बुद्धीच्या बळावर शोधून काढता येतो. ज्याला तो सापडत नाही त्याची तर्कशक्ती उणी, असा निष्कर्ष त्यातून आपोआप निघतो. ज्यांचे शालेय शिक्षण मराठी माध्यमातून झाले, त्यांच्या बाबतीत हा निष्कर्ष फार लवकर काढला जातो, आणि पुष्कळदा तेच तो स्वतःविषयी काढतात.

पुणे शहराचा विचार येथे केवळ उदाहरणादाखल केलेला नाही. विस्कटलेले शब्द आणि वाक्ये क्रमाने लावण्याचा उद्योग या शहरात निदान दोनशे वर्षे, वेगवेगळ्या नावांनी आणि वेगवेगळ्या हेतूंनी, चालत आलेला आहे. पाठशाळेतला अन्वय, शिक्षणखात्याची विरामचिन्हे, महाविद्यालयातले वाक्यपृथक्करण आणि परीक्षेतली विस्कटलेली वाक्ये अशी त्याची चार स्थित्यंतरे दाखवता येतात. या स्थित्यंतरांत काय मिळाले आणि काय गळून पडले, हे पाहणे हा या निबंधाचा हेतू आहे.

२

ब्रिटिश सरकारने पेशव्यांच्या दक्षिणेच्या निधीतून १८२१ साली विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू केली. तेथे ज्या रीतीने काव्य शिकवले जाई ती अर्थातच त्या पाठशाळेची निर्मिती नव्हती. ती कितीतरी जुनी होती. श्लोक समोर आला की प्रथम पदच्छेद करायचा, मग पदांचे अर्थ, समासांचे विग्रह, नंतर वाक्ययोजना आणि शेवटी आक्षेप व समाधान. यांतली वाक्ययोजना म्हणजेच अन्वय. छंदाच्या सोयीसाठी इतस्ततः पडलेली पदे उचलून परस्परसंबंधाने जुळवणे, असा त्याचा व्यवहारातला अर्थ. त्याच्या दोन रीती रूढ होत्या. दंडान्वयात कर्ता, त्याची विशेषणे, कर्म, क्रियापद अशी सगळी पदे सरळ गद्यक्रमाने मांडली जात. खंडान्वयात आधी क्रियापद धरायचे आणि मग त्याला प्रश्न विचारत जायचे : कोण? काय? कसा? कोणाचा? आपण अन्वयाच्या द्वारानेच सर्व काही स्पष्ट करतो, असे मल्लिनाथाने आपल्या टीकांच्या आरंभी सांगितले आहे, ते याच परंपरेला अनुसरून.

विस्कटलेल्या वाक्यांच्या अभ्यासाशी अन्वयाचे साम्य वरवर पाहता फार आहे. पण एक भेद मूलगामी आहे. अन्वय लावणारा विद्यार्थी कवीची चूक दुरुस्त करत नसतो आणि हरवलेला मूळ क्रमही शोधत नसतो. मूळ क्रम श्लोकातच आहे, आणि अन्वय झाल्यावरही तोच राहणार आहे. अन्वय ही वाचकाने आपल्या समजुतीसाठी केलेली योजना असते. म्हणूनच एका श्लोकाचे दोन टीकाकारांनी दोन अन्वय लावले तर त्यांपैकी एकाला शून्य गुण देण्याचा प्रश्न उद्भवत नसे. दोघांनी आपापल्या योजनेचे समर्थन द्यावे, एवढीच अपेक्षा असे.

वाक्यार्थाच्या चर्चेत शास्त्रकारांनी ज्या अटी सांगितल्या त्याही येथे लक्षात घेण्याजोग्या आहेत. आकांक्षा, योग्यता आणि संनिधी या तीन गोष्टी असल्या की पदसमूहाचे वाक्य होते. पदांना एकमेकांची गरज हवी, त्यांचे अर्थ जुळणारे हवेत आणि ती कालाने फार दूर पडता कामा नयेत. या यादीत क्रमाला स्वतंत्र स्थान नाही. विभक्तिप्रत्ययांनी समृद्ध अशा भाषेत हे स्वाभाविकच म्हणावे लागेल. परंतु त्याचा अर्थ क्रमाचा विचारच झाला नाही, असा कोणी केला तर ती मोठी चूक ठरेल. क्रमाचा विचार झाला, आणि तो मीमांसकांनी केला. यज्ञातील अनेक कर्मे कोणत्या क्रमाने करायची हा त्यांच्यापुढचा व्यावहारिक प्रश्न होता, आणि त्या क्रमाची सहा प्रमाणे त्यांनी निश्चित केली : श्रुती, अर्थ, पाठ, स्थान, मुख्य आणि प्रवृत्ती. संस्कृतच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना लौगाक्षी भास्कराच्या 'अर्थसंग्रहा'मुळे हे प्रकरण परिचित आहे.

यांतील पहिल्या तीन प्रमाणांचे एकमेकांशी असलेले नाते आपल्या विषयाच्या दृष्टीने बोलके आहे. एक कर्म 'करून' दुसरे करावे असे ज्या वाक्यात शब्दानेच सांगितलेले असते, तेथे श्रुतिक्रम. मराठीतील ऊन-प्रत्ययान्त धातुसाधिताचे कार्य हेच आहे. पण शब्दाने क्रम सांगितलेला नसेल तर? तेथे दिलेले प्रसिद्ध उदाहरण असे : ग्रंथात आधी अग्निहोत्राच्या होमाचे वाक्य येते आणि नंतर यवागू, म्हणजे जवाची पेज, शिजवण्याचे. पाठाचा क्रम धरला तर होम आधी आणि पेज नंतर. परंतु ती पेज होमासाठीच असल्यामुळे ती आधी शिजली पाहिजे. येथे अर्थक्रम पाठक्रमाला बाधित करतो. दोन वाक्ये 'विस्कटलेल्या' क्रमाने दिलेली आहेत आणि ती प्रयोजनाच्या आधारे लावून घ्यायची आहेत. आजच्या परीक्षेतील प्रश्नाचा याहून जुना आणि याहून स्वच्छ नमुना मिळणे कठीण. मात्र मीमांसक उत्तर देऊन थांबत नाही. हा क्रम मी कोणत्या प्रमाणावर ठरवला, ते प्रमाण कोणत्या प्रमाणाहून बलवान आहे आणि का, हे त्याला सांगावे लागते. क्रम आणि क्रमाचे प्रमाण या त्याच्या लेखी जोडीनेच येणाऱ्या गोष्टी आहेत.

काव्यशास्त्रातही हीच दृष्टी दिसते. मम्मटाने वाक्यदोषांत एका वाक्यातील पदे दुसऱ्यात शिरणे (संकीर्ण), वाक्याच्या पोटात वाक्य येणे (गर्भित), आरंभिलेली रचनापद्धती मध्येच मोडणे (भग्नप्रक्रम) यांचा समावेश केला आणि अर्थदोषांत 'दुष्क्रम' सांगितला. दुष्क्रमाच्या त्याच्या उदाहरणात याचक राजाकडे घोडा, किंवा हत्ती, मागतो. दोष असा, की हत्ती मोठा म्हणून तो आधी मागायला हवा होता, आणि तो मिळणार नसेल तर घोडा. व्याकरणाच्या दृष्टीने या वाक्यात काहीही बिघडलेले नाही. बिघडले आहे ते लोकव्यवहाराच्या जाणिवेत. दान मागण्याची रीत ज्याला ठाऊक नाही त्याला हा दोष दिसणारही नाही. डेक्कन कॉलेजात अध्यापन केलेल्या वामनाचार्य झळकीकरांनी 'काव्यप्रकाशा'वर 'बालबोधिनी' ही विस्तृत टीका लिहिली. म्हणजे क्रमदोषांचे हे सूक्ष्म विवेचन एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातही पुण्याच्या अभ्यासवर्तुळात जिवंत होते.

३

अन्वयाचा हा विचार पद्यापुरता, आणि तोही संस्कृत पद्यापुरता, होता. मराठी गद्याची स्थिती वेगळी होती. मोडीत लिहिणारा कारकून आधी ओळभर शिरोरेघ ओढी आणि तिच्याखाली अक्षरे जोडत जाई. दोन शब्दांत जागा नसे, दोन वाक्यांत खूण नसे. बखरीचे वा पत्राचे गद्य पुढे सरके ते 'करून', 'येऊन', 'त्याउपरी', 'तेव्हा', 'ऐशियास' यांच्या आधाराने. वाक्य कोठे संपले हे ऐकणाऱ्याला कळे, कारण ते गद्य बहुधा मोठ्याने वाचण्यासाठी असे. डोळ्याला ते दिसत नसे. घटना ज्या क्रमाने घडल्या त्याच क्रमाने त्या सांगणे हा या गद्याचा सामान्य धर्म. तेथे क्रम प्रत्ययांत आणि अव्ययांत साठवलेला आहे. मीमांसकांची परिभाषा वापरायची तर हे श्रुतिक्रमाचे गद्य होय.

पुण्यातच दीर्घकाळ शिक्षणखात्यात काम केलेल्या मेजर टॉमस कँडी यांनी १८५० मध्ये 'विरामचिन्हांची परिभाषा' ही पुस्तिका लिहिली. मराठी छापील गद्यात पूर्णविराम, स्वल्पविराम, अर्धविराम रुळले त्याचे बरेचसे श्रेय त्यांच्याकडे जाते. मोल्सवर्थच्या कोशातील त्यांचा सहभाग आणि क्रमिक पुस्तकांच्या मराठीवर त्यांनी केलेले संस्कार यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. विरामचिन्हांचा सैद्धांतिक परिणाम मात्र दुर्लक्षित राहिला. पूर्णविरामाने वाक्य ही दृश्य वस्तू झाली. दोन टिंबांच्या मधले एक वाक्य उचलून दुसरीकडे ठेवता येते, ही कल्पना त्याआधी जवळजवळ अशक्य होती. बखरीतील एखादा उतारा घेऊन त्यातील 'वाक्ये' विस्कटून दाखवा असे सांगितले तर अडचण लगेच कळते : आधी ती तोडावी लागतील, आणि तोडताना 'येऊन', 'करून' यांच्या जागी 'आला', 'केले' अशी पूर्ण क्रियापदे घालावी लागतील. असे केले की त्यांच्यातला सांगितलेला क्रम नाहीसा होतो आणि तो नव्याने 'शोधण्याची' गरज निर्माण होते. वाक्ये विस्कटता येण्याआधी ती सुटी व्हावी लागतात. सुटेपणाची ही तयारी कँडींच्या खुणांनी झाली.

४

तिसरे स्थित्यंतर १८८० नंतरच्या दशकातले. १ जानेवारी १८८० रोजी न्यू इंग्लिश स्कूल सुरू झाले, १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज. या संस्थांच्या परिवारातील दोन ग्रंथ आपल्या विषयाशी थेट संबंधित आहेत. वामन शिवराम आपटे, जे पुढे फर्ग्युसनचे पहिले प्राचार्य झाले, त्यांचे संस्कृत रचनेचे इंग्रजीत लिहिलेले मार्गदर्शक पुस्तक १८८१ मध्ये प्रसिद्ध झाले. गोपाळ गणेश आगरकरांचे 'वाक्यमीमांसा आणि वाक्यांचे पृथक्करण' १८८८ मध्ये आले, म्हणजे ज्या वर्षी 'सुधारक' निघाले त्याच वर्षी.

इंग्लंडात वाक्यपृथक्करणाची पद्धत जे. डी. मोरेल यांच्या १८५२ मधील पुस्तकाने शाळाशाळांत पोचवली होती, आणि मोरेल यांनी ती कार्ल फर्डिनांड बेकर या जर्मन वैयाकरणाकडून घेतली होती. वाक्य हे एका निर्णयाचे शब्दरूप, त्याचे उद्देश्य आणि विधेय असे दोन घटक, आणि बाकी सारे त्यांचे विस्तार, ही या पद्धतीची बैठक. जॉन स्टुअर्ट मिल यांनी १८६७ मध्ये सेंट अँड्र्यूज विद्यापीठातील भाषणात व्याकरण हा तर्कशास्त्राचा अगदी प्राथमिक भाग असल्याचे प्रतिपादन केले. आगरकरांवर मिल व स्पेन्सर यांचा किती प्रभाव होता हे सर्वश्रुत आहे. अशा लेखकाला वाक्यपृथक्करणाचे आकर्षण वाटावे यात नवल नाही. वाक्याचे अवयव सुटे करून पाहणे आणि रूढीचे अवयव सुटे करून पाहणे या दोहोंमागे एकच वृत्ती असू शकते. 'सुधारक'कर्त्याने वाक्यावर पुस्तक लिहावे ही पोटापाण्याची तडजोड नव्हती, असे मला वाटते. विचार स्वच्छ व्हायचा तर वाक्य स्वच्छ झाले पाहिजे, या श्रद्धेचा तो भाग होता.

पण त्या ग्रंथाच्या नावाकडे पाहावे. 'मीमांसा' हा शब्द एका परंपरेतला आणि 'पृथक्करण' ही दुसऱ्या परंपरेतील संज्ञेसाठी घडवलेली मराठी. दोन्ही एका शीर्षकात शेजारी बसवावीशी वाटली, एवढ्यावरूनही त्या पिढीची स्थिती कळते. आपट्यांच्या पुस्तकातही संस्कृत वाक्याचे पृथक्करण, त्यातील पदक्रम आणि वाक्यांचे संयोजन असे इंग्रजी वळणाचे विषय संस्कृत सामग्रीवर लावलेले दिसतात. अन्वय ज्याला वाचनाची क्रिया समजत होता, ते आता वाक्याचे अंगभूत वर्णन होऊ लागले. खंडान्वयातले प्रश्न गेले आणि त्यांच्या जागी रकाने आले.

वाक्याकडून परिच्छेदाकडे जाण्याची वाट अलेक्झांडर बेन यांच्या १८६६ मधील रचनाशास्त्रावरील पुस्तकाने दाखवली. परिच्छेदाला एकच विषय असावा, तो आरंभी सूचित व्हावा, प्रत्येक वाक्याचा मागच्याशी संबंध स्पष्ट असावा, असे नियम बेन यांनी घालून दिले. विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या 'निबंधमाले'ने (१८७४–१८८१) मराठीत परिच्छेदबद्ध विवेचनाचा जो वस्तुपाठ दिला, त्यानंतर हे नियम पुण्याच्या वाचकाला परके वाटण्याचे कारण नव्हते. मात्र बेन यांचे नियम हे लिहिणाऱ्यासाठी होते. असे लिहावे, एवढेच ते सांगत. असेच लिहिलेले असते, हे गृहीत पुढच्या काळाने त्यांत भरले.

या साऱ्या उद्योगाची सामाजिक मर्यादा नजरेआड करता येत नाही. पाठशाळेचा अन्वय आणि महाविद्यालयाचे पृथक्करण दोन्ही शहरातल्या एका लहानशा वर्गात फिरत राहिले. पुण्याच्याच स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेल्या जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे इंग्रजीत निवेदन सादर करून, शेतकऱ्यांच्या कराचा पैसा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो आणि प्राथमिक शिक्षण मात्र उपेक्षित राहते, हे ठणकावून सांगितले. आपट्यांचे पुस्तक आणि फुल्यांचे निवेदन यांत एका वर्षाचे अंतर आहे. वाक्य कसे लावावे हा प्रश्न आणि ते लावायला कोणाला शिकवावे हा प्रश्न, दोन्ही एकाच शहरात एकाच वेळी उभे होते. पहिल्याच्या इतिहासात दुसरा विसरला जातो.

५

तर्खडकरांच्या 'भाषांतर पाठमाले'वर पिढ्यान्‌पिढ्या मराठी विद्यार्थी इंग्रजी शिकले. तेथे मराठी वाक्याचे इंग्रजी आणि इंग्रजीचे मराठी करताना क्रमाची उलटापालट हाताखालून जाई. क्रियापद शेवटून मधे न्यायचे, शब्दयोगी अव्यय पुढून मागे आणायचे, 'जो–तो'ची रचना फिरवायची. आपल्या भाषेचा क्रम आणि त्या भाषेचा क्रम हे दोन वेगळे संकेत आहेत, याची जाणीव या भाषांतरात आपसूक होत असे. वस्तुनिष्ठ परीक्षांच्या काळात भाषांतर मागे पडले आणि क्रमनिर्णयाचे प्रश्न पुढे आले. उत्तरपत्रिका यंत्राने तपासायची तर उत्तर एकच असले पाहिजे, या प्रशासकीय गरजेचे रूपांतर हळूहळू 'क्रम एकच असतो' या सिद्धांतात झाले. व्यवस्थापनशास्त्राच्या 'कॅट' परीक्षेत २०१५ पासून असे काही प्रश्न पर्यायांविना येऊ लागले. विद्यार्थ्याने क्रमांक स्वतः भरायचा. पर्याय गेले, पण एकमेव उत्तराचे गृहीतक होते तेथेच राहिले.

या प्रश्नांत वस्तुतः कशाची परीक्षा होते हे एका लहानशा उदाहरणावरून पाहू. वाक्ये माझी आहेत :

(क) ती त्याने एका दुकानदाराला दाखवली.
(ख) जुन्या बाजारात एका माणसाला पेटी सापडली.
(ग) दुकानदाराने मात्र ती घेतली नाही.
(घ) पेटीत जुनी पत्रे होती.

चार वाक्यांचे एकूण २४ क्रम संभवतात. त्यांतील बहुतेक ताबडतोब बाद होतात. उरतात ते निदान तीन : ख-घ-क-ग, ख-क-ग-घ आणि ख-क-घ-ग. पहिल्यात माणसाला पेटीत काय आहे ते आधीच कळले आहे. त्याने दाखवले ते जाणूनबुजून, आणि दुकानदाराने नाकारलेही ते जाणूनबुजून. दुसऱ्यात दुकानदार नुसती पेटी नाकारतो आणि पत्रे नंतर उघड होतात. त्या शेवटच्या वाक्यात एका दवडलेल्या संधीचा उपरोध आहे. तिसऱ्यात पत्रे दिसतात ती दुकानदाराच्या समोरच, आणि त्याच्या नकाराचे कारण बनतात. घटना जवळजवळ त्याच, पण निवेदने तीन. रशियन रूपवाद्यांनी कथावस्तू आणि कथानक यांत जो भेद केला त्याचे हे बालबोध उदाहरण आहे. यांतील एकच क्रम 'तर्कसंगत' ठरवणे म्हणजे निवेदनाच्या कलेलाच अतार्किक म्हणणे.

आता हीच वाक्ये इंग्रजीत घातली तर काय होते? 'ती' या सर्वनामासाठी तेथे निवड करावी लागते. पेटी अभिप्रेत असेल तर एकवचनी 'इट', पत्रे अभिप्रेत असतील तर अनेकवचनी 'देम'. 'देम' वापरले की पत्रांचे वाक्य आधी येणे भाग पडते आणि तिनांपैकी एकच क्रम शिल्लक उरतो. मराठीत मात्र 'पेटी दाखवली' आणि 'पत्रे दाखवली' यांत क्रियापदाचे रूप सारखे, आणि सर्वनामही दोन्हीकडे 'ती'च. जुन्या लेखनपद्धतीत ही संदिग्धता नव्हती : 'ती पेटी दाखविली', पण 'तीं पत्रें दाखविलीं'. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले आणि डोळ्याला दिसणारी ही खूण त्यांच्याबरोबर गेली. क्रम ठरवणारा 'तर्क' येथे एका टिंबात साठवलेला होता, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

उपपदांचेही असेच. इंग्रजीत वस्तू पहिल्यांदा आली की 'अ', आणि पुन्हा आली की 'द'. मराठीत 'एक' लिहिता येते पण लिहिलेच पाहिजे असे नाही, आणि 'द'ला तर नियत प्रतिशब्दच नाही. वरच्या (ख) वाक्यात 'पेटी सापडली' असे मी लिहिले आणि कोणाला ते खटकले नसेल. शिकवणीवर्ग ज्या युक्त्या सांगतात (उपपदे पाहा, सर्वनामे पाहा, उभयान्वयी अव्यये पाहा) त्या सर्व हॅलिडे आणि हसन यांनी १९७६ मध्ये 'संसक्ती' या नावाने वर्णिलेल्या भाषिक साधनांच्या खुणा आहेत. म्हणजे परीक्षा होते ती एका विशिष्ट भाषेच्या संसक्तिसाधनांशी असलेल्या सवयीची. तर्काची नव्हे. ही सवय उपयुक्त आहे, शिकण्याजोगी आहे, शिकवण्याजोगीही आहे. परंतु तिला तर्क म्हणणे हा संज्ञेचा घोटाळा होय, आणि त्या घोटाळ्याची किंमत मराठवाड्यातून वा विदर्भातून पेठेतल्या खोलीत येऊन राहिलेला विद्यार्थी मोजतो.

६

येथे एका संभाव्य गैरसमजाचे निराकरण केले पाहिजे. १९६६ मध्ये रॉबर्ट कॅपलन यांनी निरनिराळ्या संस्कृतींतील परिच्छेदरचनेची रेखाचित्रे काढली : इंग्रजीची सरळ रेषा, पौर्वात्यांचे वेटोळे, सेमिटिकांची नागमोड. मराठी विद्यार्थी चुकतो कारण त्याच्या विचाराची जातच वेगळी, असा युक्तिवाद या चित्राच्या आधारे सहज करता येईल, आणि आपल्याकडे तो अभिमानानेही केला जाण्याची भीती आहे. प्रस्तुत विवेचनाचा त्याच्याशी संबंध नाही. अग्निहोत्राआधी पेज शिजवली पाहिजे हे कळायला कोणत्याही संस्कृतीची रेषा आड येत नाही. प्रयोजनाचा क्रम, कार्यकारणाचा क्रम सर्वांना सारखाच कळतो. ज्या खुणांनी तो व्यक्त होतो त्या भाषेभाषेत वेगळ्या, आणि एकाच भाषेत काळाकाळाला वेगळ्या. इंग्रजी परिच्छेदाची सरळ रेषासुद्धा मोरेल आणि बेन यांच्या शाळेत आखली गेली. ती कोणाच्या रक्तात नव्हती.

पुण्याच्या विद्याक्षेत्रात विस्कटलेल्या गोष्टी क्रमाने लावण्याची आणखी एक थोर परंपरा आहे. तिचे स्मरण करून हा निबंध संपवणे उचित होईल. वि. का. राजवाड्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड १८९८ मध्ये प्रसिद्ध केला आणि १९१० मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना झाली. दप्तरांतून हाती येणाऱ्या पुष्कळ मोडी पत्रांत तिथी किंवा चंद्र असतो, पण वर्ष नसते. पत्रांची बाडे वाटेल तशी बांधलेली. संशोधकाने जंत्री काढायची, तिथी-वार जुळतात का पाहायचे, पत्रात उल्लेखिलेली माणसे त्या वेळी कोठे होती ते ताडायचे, आणि मग पत्राची जागा ठरवायची. जेथे ती ठरत नाही तेथे अंदाजाने वर्ष द्यायचे आणि ते अंदाजाने दिले आहे असे सांगायचे. पुढे नवे पत्र सापडले की क्रम बदलायचा. या कामात तर्क पणाला लागतो, कारण येथे प्रत्येक निर्णयाला प्रमाण द्यावे लागते आणि प्रत्येक प्रमाण तपासता येते.

अन्वय लावणारा शास्त्री, क्रमाची सहा प्रमाणे सांगणारा मीमांसक आणि पत्रांचा कालक्रम लावणारा संशोधक या तिघांचा व्यवसाय वेगळा असला तरी शिस्त एक आहे. क्रम कोणता, या प्रश्नाला ते 'कोणत्या प्रमाणावर' या प्रश्नापासून तोडत नाहीत. परीक्षेतील विस्कटलेल्या वाक्यांनी पहिला प्रश्न ठेवला आणि दुसरा गाळला. तो परत आणणे अशक्य नाही. वर्गात तरी शिक्षकाने चार वाक्ये द्यावी, विद्यार्थ्याने क्रम लावावा आणि प्रत्येक जागेचे कारण एका ओळीत मराठीत लिहावे. येथे सर्वनामाने ठरले, येथे उपपदाने, येथे प्रयोजनाने, आणि येथे काहीच ठरवत नाही म्हणून दोन्ही क्रम चालतील. असे लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला इंग्रजीच्या खुणा तर कळतीलच. पण चुकल्यावर नेमके काय चुकले हेही त्याला कळेल, आणि चुकलेल्या उपपदाला तो आपल्या बुद्धीचा दोष मानणार नाही.